हजार छात्या पाहिलेली प्लेट

एक्स-रेची इमेजिंग प्लेट कॅसेटमधून, म्हणजे तिच्या चपट्या बंद पेटीतून, बाहेर काढली की हातात येतो एक पांढरट, गुळगुळीत, पुठ्ठ्यासारखा दिसणारा तुकडा. सगळ्यात मोठी प्लेट चौदा इंच बाय सतरा इंचांची असते, मोठ्या माणसाची छाती मावेल एवढी. दोन मिनिटांपूर्वी कुणाच्या तरी फुप्फुसांतून पार झालेले क्ष-किरण तिच्यावर पडलेले असतील. बरगड्या, हृदयाचा आकार, गळ्याखालची हाडं असं सगळं तिच्यात साठलेलं असेल. तरी डोळ्यांना दिसतो तो पांढरा तुकडाच. कोरी प्लेट आणि भरलेली प्लेट यांत नजरेला काडीचाही फरक कळत नाही. शिवाय ती अशी उजेडात धरून बघणंही बरं नव्हे, कारण खोलीतल्या साध्या उजेडानेही तिच्यातलं चित्र पुसलं जायला लागतं.

सीआर पद्धतीने, म्हणजे अशा प्लेट्स वापरून एक्स-रे काढणाऱ्या रुग्णालयात त्या दिवसभर फिरत असतात. एकाच प्लेटवर सकाळी एखाद्या आजोबांची छाती उमटते, तासाभराने कुणाचं पोट, दुपारी तिसऱ्याच कुणाची कंबर. प्रत्येक वेळी चित्र वाचून झालं की प्लेट पुसली जाते आणि पुन्हा कामाला लागते. असं हजारो वेळा होतं. मला या वस्तूचं वेड लागलं ते इथेच. जिचं सगळं काम विसरण्यावर चालतं, तिच्यावरून गेलेल्या एकेका माणसाचा हिशेब चुकत कसा नाही?

आधी ती लक्षात कशी ठेवते ते पाहू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्यूर्झबुर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा सुगावा लागला, तो बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा अंधारात चमकू लागल्यामुळे. आजच्या इमेजिंग प्लेटच्या पोटातही बेरियमच आहे. बेरियम, फ्लोरिन आणि ब्रोमिन यांचे बारीक स्फटिक आणि त्यांत मिसळलेलं अगदी थोडंसं युरोपियम. रोंटगेन यांचा पडदा क्ष-किरण पडताक्षणी चमकत होता आणि जे काही दाखवायचं ते तिथल्या तिथे दाखवून मोकळा होत होता. हे नवे स्फटिक मिळालेल्या ऊर्जेतली काही तेव्हाच उधळतात आणि उरलेली धरून ठेवतात.

धरून ठेवतात ते असं. स्फटिकाच्या जाळीत काही जागा रिकाम्या असतात. जिथे ब्रोमिनसारखा अणू असायला हवा तिथे तो नसतो. क्ष-किरणांमुळे सुटलेला इलेक्ट्रॉन भटकत येऊन अशा रिकाम्या जागेत अडकतो. फुप्फुसातल्या हवेतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून प्लेटच्या त्या भागात पुष्कळ इलेक्ट्रॉन अडकतात. हाडामागे किरण थोडे पोचतात, तिथे थोडेच अडकतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची ही दाट-विरळ मांडणी म्हणजेच छातीचं चित्र.

ते वाचायला रीडर लागतो. त्यात कॅसेट सरकवली की यंत्र ती स्वतःच उघडतं, प्लेट बाहेर ओढतं आणि तिच्यावरून लाल लेसरचा अगदी बारीक ठिपका ओळीओळीने फिरवतं. लाल उजेड पडला की अडकलेला इलेक्ट्रॉन सुटतो आणि युरोपियमपाशी जाताना निळसर-जांभळा उजेड बाहेर पडतो. यंत्र तो निळा उजेड मोजतं. मधल्या फिल्टरमुळे लेसरचा लाल रंग मोजणीत शिरत नाही. चौदा बाय सतराची प्लेट फुजीच्या रीडरमध्ये १७६० बाय २१४० बिंदूंत वाचली जाते, म्हणजे ३७ लाखांहून जास्त बिंदू झाले. हे काम मिनिटभरात उरकायचं म्हटलं तर एका बिंदूच्या वाट्याला सेकंदाचा सुमारे साठ हजारावा भाग येतो. युरोपियमचा उजेड त्याच्याही कितीतरी आधी, एका मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर, ओसरतो. त्यामुळे एका बिंदूचा उजेड पुढच्या बिंदूत मिसळत नाही. या जुळणीचं मला फार अप्रूप वाटतं. युरोपियम थोडं जरी रेंगाळणारं असतं, तरी प्रत्येक बरगडी लेसर फिरेल त्या दिशेने फरफटलेली दिसली असती.

लेसर एकदा फिरल्याने सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. काही मागे राहतात आणि ते तसेच राहिले तर पुढच्या रुग्णाच्या चित्रात आधीच्या रुग्णाची पुसट सावली येते. म्हणून वाचून झालेली प्लेट रीडरमध्येच प्रखर दिव्यांखालून जाते. तिथे उरलेसुरले इलेक्ट्रॉनही सुटतात आणि पाटी कोरी होते.

साठवलेलं चित्र अशा रीतीने उजेडाने वाचायच्या कल्पनेचं पेटंट ईस्टमन कोडॅकच्या जॉर्ज लकी यांना १९७५ मध्ये मिळालं. ती रुग्णालयापर्यंत नेली जपानच्या फुजी फोटो फिल्मने. १९८१ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओलॉजी परिषदेत फुजीने ही पद्धत जगापुढे मांडली आणि १९८३ मध्ये एफसीआर १०१ हे यंत्र आणलं. फिल्म विकून मोठ्या झालेल्या कंपनीने फिल्मची गरजच संपवणारी वस्तू आपल्या हाताने घडवावी, याला हिंमत लागते.

फिल्म गेली आणि तिच्याबरोबर एक सोय गेली. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि तारीख उजेडाने छापली जायची. डार्करूममधून फिल्म धुऊन, वाळवून बाहेर आली की नाव आणि छाती एकाच तुकड्यावर कायमची असायची. त्या तुकड्याची कुणाशी अदलाबदल झालीच तर निदान वाचून कळायचं. प्लेटवर नाव घालण्यात अर्थ नाही, कारण तासाभराने ती दुसऱ्याची होणार. नाव एकीकडे, चित्र दुसरीकडे, आणि दोघांची गाठ काही मिनिटांपुरतीच मारायची. ती पक्की तर हवीच, काम होताच सुटायलाही हवी.

फुजीने ही गाठ बारकोडने मारली. कॅसेटच्या पाठीला एक लहानशी खिडकी असते. तिच्यातून आतल्या प्लेटवर चिकटवलेली बारकोडची पट्टी दिसते. तिच्यातला क्रमांक त्या प्लेटचा, जन्मभराचा. टेक्निशियन कॉम्प्युटरवरच्या यादीतून रुग्णाचं नाव निवडते, ‘छाती, समोरून’ असं काय काढायचं ते निवडते आणि खिडकीवर स्कॅनर धरते. बीप वाजला की प्लेट त्या माणसाच्या नावावर चढली. नाव टाइप करण्याचाही प्रश्न नाही, कारण ही यादी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपासून थेट तिथे आलेली असते. पुढे कॅसेट रीडरमध्ये गेली की यंत्र आतला बारकोड आपण होऊन वाचतं, हा क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते तपासतं आणि वाचलेलं चित्र त्याच्या खात्यात टाकतं. प्लेट पुसली गेली की क्रमांक पुन्हा मोकळा. काही कंपन्यांनी हीच पट्टी प्लेटऐवजी कॅसेटवर लावली.

बेल्जियमच्या आग्फाने वेगळी वाट धरली. त्यांच्या कॅसेटमध्ये एक चिप बसवलेली असते. कॅसेट एका पाटासारख्या उपकरणावर टेकवली की रेडिओलहरींनी रुग्णाची माहिती त्या चिपवर लिहिली जाते. म्हणजे कॅसेट आपल्या रुग्णाचं नाव स्वतःच बरोबर घेऊन फिरते आणि रीडरमध्ये शिरल्यावर सांगते. मला ही पद्धत जास्त आवडते. नाव दूरच्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये असण्यापेक्षा चित्राला चिकटून असावं, ही फिल्मच्या काळातली शहाणी सवय तिने जपली.

हे सगळं कशासाठी, ते पहाटेच्या आयसीयूत कळतं. दिवसपाळीचे डॉक्टर येण्याआधी व्हेंटिलेटरवरच्या आणि नळ्या घातलेल्या रुग्णांच्या छातीचे एक्स-रे काढून ठेवायचे असतात. टेक्निशियन पोर्टेबल मशीन ढकलत येते. मशीनच्या कप्प्यात पाच-सहा कॅसेट्स उभ्या लावलेल्या.

“आजी, जरा उचलते हं तुम्हाला. पाठीला गार लागेल.”

“अगं, कालच काढला ना फोटो?”

“रोज काढतात आजी. नळी जागेवर आहे का बघायचंय. हं, आता हलू नका.”

कॅसेट पाठीखाली सरकते, एक्स-रे निघतो, कॅसेट परत कप्प्यात जाते. पुढचा बेड. तिथेही पाठीवर झोपलेला रुग्ण, तोंडात नळी, छातीवर ईसीजीच्या तारा. पाच बेड झाल्यावर कप्प्यात दिसायला तंतोतंत सारख्या पाच कॅसेट्स आणि त्यांत डोळ्यांना न दिसणारी पाच चित्रं. पूर्वी कॅसेटवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने बेड नंबर लिहायचे. चिकटपट्टी सुटते, अंक पुसट होतो, आणि आयसीयूतल्या दोन छात्यांचे एक्स-रे एकमेकांपासून ओळखणं रेडिओलॉजिस्टलाही नेहमी जमेल असं नाही. एकाच्या छातीत साठलेली हवा दुसऱ्याच्या नावावर गेली तर ज्याला गरज नाही त्याच्या बरगड्यांत नळी घातली जाईल, आणि ज्याला खरी गरज आहे तो तसाच पडून राहील. हातात धरायच्या स्कॅनरने बेडपाशीच क्रमांक आणि रुग्ण जोडून टाकले की हा धोका पुष्कळच कमी होतो.

दुसरा घोटाळा याहून विचित्र. भरलेली कॅसेट न वाचता चुकून कोऱ्या कॅसेट्सच्या गठ्ठ्यात गेली, तर तिच्यावर दुसऱ्याचा एक्स-रे निघतो. फिल्म असो की प्लेट, ती पहिलं चित्र पुसून दुसरं घेत नाही. दोन्ही एकावर एक साठवते. मग पडद्यावर एका माणसाच्या फुप्फुसांवर दुसऱ्याच्या कमरेचे मणके उमटतात. दोघांचेही एक्स-रे वाया, दोघांनाही पुन्हा किरण. क्रमांकाची नोंद असेल तर यंत्रणा वेळीच अडवून सांगू शकते, की ही प्लेट आधीच एका रुग्णाच्या नावावर आहे आणि अजून वाचली गेलेली नाही.

इथपर्यंतचं काम हे नाव आणि चित्र यांची सांगड घालण्याचं. मला खरा चमत्कार वाटतो तो पुढचा.

वैद्यकीय चित्रांच्या फाइलींची जगभर एकच मांडणी चालते. तिचं नाव डायकॉम. १९९३ पासून ती या नावाने ओळखली जाते. एक्स-रेच्या प्रत्येक फाइलीत चित्राच्या आधी माहितीचे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याला ठरावीक अंक असतो. रुग्णाचं नाव, जन्मतारीख वगैरे तर असतंच. पण प्लेटच्या पद्धतीने काढलेल्या एक्स-रेसाठी ००१८,१००४ हा रकाना आहे: प्लेटचा क्रमांक. ००१८,१००७ हा कॅसेटचा. आणि ००१८,१४०४ या रकान्यात लिहायचं असतं, की या प्लेटवर आजवर किती वेळा एक्स-रे निघाले. हे रकाने भरणं सक्तीचं नाही. पण जिथे ते भरले जातात, तिथे साठवलेल्या एक्स-रेंच्या ढिगाऱ्यात प्रत्येक प्लेटचं अख्खं चरित्र दडलेलं असतं. प्लेटला स्वतःला एकही छाती आठवत नाही, पण तिच्यावरून गेलेल्या प्रत्येक छातीच्या फाइलीत तिचा क्रमांक राहतो.

हे चरित्र उपयोगी कसं पडतं? समजा एका रुग्णाच्या फुप्फुसात छोटा पांढरा ठिपका दिसला. तो रोगाचा असू शकतो, श्वासाबरोबर आत गेलेल्या किंवा घुसलेल्या बारीक वस्तूचा असू शकतो. प्लेटवर बसलेल्या धुळीच्या कणाचाही असू शकतो, कारण धूळ निळा उजेड अडवते आणि एक्स-रेत उजेड न आलेली जागा पांढरी दिसते. प्लेटच्या कोटिंगवरचा ओरखडाही तसाच पांढरा उमटतो, आणि हाडावरून गेला तर भलतंच काही सुचवतो. अशा वेळी त्याच प्लेट क्रमांकाची आदल्या दिवसांची चित्रं शेजारी लावून पाहिली की उलगडा होतो. चार वेगवेगळ्या माणसांत, एकाच्या फुप्फुसात, दुसऱ्याच्या पोटात, तिसऱ्याच्या मणक्याशेजारी ठिपका प्लेटच्या त्याच जागी बसला असेल, तर तो माणसांचा नाही, प्लेटचा आहे. ती बाजूला काढायची, मऊ कापडाने पुसायची आणि पुन्हा तपासायची.

आणि ठिपक्याऐवजी प्लेट सरकते त्या दिशेने चित्रभर एक बारीक सरळ पांढरी रेघ असेल, आणि ती एका नव्हे, सगळ्याच प्लेट्सवर येत असेल, तर दोष प्लेटचा नाही. रीडरच्या आत उजेड गोळा करणाऱ्या भागावर कचरा बसला आहे आणि समोरून सरकणाऱ्या प्रत्येक प्लेटच्या त्याच पट्ट्यातला उजेड तो खातोय. एका क्रमांकाने रुग्ण, प्लेट आणि यंत्र या तिघांतला दोषी वेगळा काढून दाखवला. कुणाला पुन्हा एक्स-रेखाली उभं करावं लागलं नाही.

प्लेट म्हातारी होते तेही असंच कळतं. स्फटिक थकत नाहीत. झिजतं ते वरचं आवरण. रोज रीडरच्या रोलरांमधून जाऊन कडा उडतात, कोपऱ्यांत तडे जातात, ते हळूहळू आत सरकतात. कुठली प्लेट किती वेळा वापरली हे ठाऊक असलं, तर तडा चित्रात येण्याआधीच ती बदलता येते. शिवाय विभागातल्या वीसपैकी चारच प्लेट्स वर्षभर राबतात आणि बाकीच्या मांडणीच्या मागच्या कप्प्यात पडून आहेत, हेही त्या आकड्यांतून उघड होतं.

पडून राहिलेल्या प्लेट्सचं एक वेगळंच दुखणं. वापरली नाही म्हणून प्लेट कोरी राहत नाही. भिंतींतून, जमिनीतून, आकाशातून नैसर्गिक किरण येतच असतात आणि प्लेट ते मुकाट साठवत राहते. बरेच दिवस ठेवलेली प्लेट तशीच वापरली तर चित्रावर करड्या रंगाचं मळभ येतं. म्हणून वापरायच्या आधी ती पुसून घ्यायची, असा नियम आहे. २०११ मध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर जपानमधल्या रुग्णालयांत सीआरच्या चित्रांवर काळे ठिपके दिसू लागले होते. ते कॅसेटला चिकटलेल्या किरणोत्सारी धुळीचे होते. रुग्णासाठी बनवलेल्या प्लेटने हवेत काय पसरलंय ते नोंदवून ठेवलं. हे वाचल्यापासून मला मांडणीत स्वस्थ उभ्या असलेल्या प्लेट्स कधीच स्वस्थ वाटत नाहीत.

उलट भरलेली प्लेट फार वेळ ठेवली तर चित्र ओसरत जातं. अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू आपणच सुटतात. आठ तासांत साठ्यातला चौथा हिस्सा निघून जाऊ शकतो. रात्री काढलेला आणि विसरून सकाळी वाचलेला एक्स-रे दिसतो, पण कमजोर दिसतो. प्लेट कधी नावावर चढली आणि कधी वाचली, या दोन वेळांमधलं अंतर नोंदीत असेल तर कमजोरीचं कारण तिथेच सापडतं. नाहीतर एक्स-रेचा डोस कमी पडला असं वाटून कुणी तो विनाकारण वाढवेल.

या यंत्रणेला एक गोष्ट मात्र कळत नाही: कॅसेटसमोर प्रत्यक्षात कोण झोपलंय. बेड चारच्या नावावर चढवलेली कॅसेट घाईत बेड पाचच्या पाठीखाली गेली, तर बारकोड बरोबर, नोंद बरोबर, आणि माणूस चुकीचा. म्हणून मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचणं आणि रुग्ण बोलू शकत असेल तर त्यालाच नाव विचारणं याला पर्याय नाही. डावी-उजवी बाजू सांगणारं शिशाचं अक्षरही अजून हातानेच ठेवावं लागतं. क्रमांकावर भरवसा बसला की हे हातचं काम ढिलं पडायची भीती असते, आणि ती खरी आहे.

आता प्लेटचे दिवस सरत आलेत. वायफायने जोडलेले डिजिटल पॅनेल्स चित्र थेट कॉम्प्युटरला पाठवतात. रीडर नाही, फिरती कॅसेट नाही. अमेरिकेत तर प्लेटने काढलेल्या एक्स-रेचे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे पैसेच २०१८ पासून सात टक्क्यांनी आणि २०२३ पासून दहा टक्क्यांनी कापले जातात, म्हणजे रुग्णालयांनी ती लवकर सोडावी. आपल्याकडे, तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे सेंटरमध्ये, ती अजून टिकून आहे त्याचं कारण सरळ आहे. जुनं एक्स-रे मशीन तसंच राहू देऊन फिल्मच्या कॅसेटच्या जागी ही कॅसेट ठेवली की काम भागतं, आणि एका रीडरवर दोन-तीन खोल्या चालतात.

जुने एक्स-रे मात्र राहणार आहेत, लाखोंनी. संशोधनासाठी आणि कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवण्यासाठी ते दिले जातात, तेव्हा आधी ओळख पुसावी लागते. काय काय पुसायचं याची यादी डायकॉमनेच दिली आहे. तिच्यात रुग्णाचं नाव आहे, जन्मतारीख आहे, आणि ००१८,१००४ हा प्लेटचा क्रमांकही आहे, कारण रुग्णालयाच्या नोंदींशी तो ताडून पाहिला तर प्लेटवरून माणसापर्यंत पोचता येतं. पण क्रमांक पुसला की त्या ढिगातल्या चाळीस छात्यांत एकाच जागी दिसणारा पांढरा ठिपका प्लेटचा आहे की रोगाचा, हे ताडायची सोयही जाते, आणि शिकणारा कॉम्प्युटर धुळीच्या कणाला आजार समजून बसू शकतो. म्हणून त्याच नियमांत एक मुभा ठेवलेली आहे: कारण असेल आणि जपून करायचं असेल, तर माणसाचं नाव काढून यंत्राची ओळख तेवढी राहू द्यावी.